वाचकांचे प्रश्न : साधा बल्ब काढून एलईडी लावावा का?

गेल्या अंकात वीजबिल कसं वाचायचं ते लिहिलं होतं, त्यावर जी पत्रं आणि मेसेज आले त्यात निम्म्याहून जास्त प्रश्न बल्बचेच निघाले, म्हणून यावेळी पूर्ण सदर बल्बलाच देतेय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, बाकी तुमचं तसंच ठेवलंय.

प्रश्न : ताई, आमच्याकडे साधा बल्ब २० रुपयांना मिळतो आणि एलईडी १०० ला. सासरे म्हणतात पाचपट पैसे कशाला घालायचे, उजेड तर दोन्हीचा सारखाच. एलईडी खरंच स्वस्त पडतो का? (सिन्नर)

उत्तर : पडतो, आणि थोडाथोडका नाही. दुकानातली किंमत समोर दिसते, मीटरवरची महिन्यानं येते आणि बिलावर बल्बचं नाव लिहिलेलं नसतं, त्यामुळे मोठ्या माणसांना हे पटत नाही. तेव्हा कागद पेन घेऊन त्यांच्यासमोर बसून हिशेब मांडा. ६० चा साधा बल्ब रोज ५ तास लागला तर दिवसाला ३०० वॅट-तास म्हणजे ०.३ युनिट, महिन्याला ९ युनिट. तेवढाच उजेड देणारा एलईडी ९ वॅटचा येतो, तो त्याच ५ तासांना महिन्याला १.३५ युनिट घेतो. युनिटला सगळे आकार धरून ८ रुपये पकडा (तुमच्या बिलाची एकूण रक्कम भागिले युनिट केलंत की तुमचा खरा आकडा निघेल), तर साध्या बल्बचे ७२ रुपये आणि एलईडीचे ११ रुपये. महिन्याला ६१ रुपयांचा फरक, म्हणजे एलईडीचे जास्तीचे ८० रुपये दीड महिन्यात वसूल.

आता पाच वर्षांचं बघा. साधा बल्ब साधारण १००० तास चालतो असं धरून बनवलेला असतो, रोज ५ तासांनी पाच वर्षांत नऊ बल्ब लागतील, त्याचे १८० रुपये आणि विजेचे ४३२० रुपये. एलईडी मध्येच एकदा गेला म्हणून दोन धरले तरी २०० रुपये आणि विजेचे साधारण ६५० रुपये. म्हणजे एका होल्डरमागे साडेचार हजार विरुद्ध साडेआठशे. आणि घरात होल्डर एक नसतो.

एवढा फरक का पडतो तर साध्या बल्बमध्ये टंगस्टनची बारीक तार अडीच हजार अंशांपर्यंत तापवून उजेड काढतात, त्यात शंभरातले जेमतेम पाच वॅट उजेड होऊन बाहेर पडतात, बाकी सगळी उष्णता. एलईडीत तार तापवायची भानगडच नाही, निळा उजेड देणारी चिप असते आणि तिच्यावर पिवळसर लेप, दोन्ही मिळून पांढरा उजेड होतो. ती निळी चिप जमवायला फार वर्षं गेली, ज्यांनी जमवली त्या तीन जपानी वंशाच्या शास्त्रज्ञांना, अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्याकडे २०१५ च्या जानेवारीत उजाला योजना सुरू झाली तेव्हा बाजारात एक एलईडी तीनशेच्या वर होता, सरकारी कंपनीनं एकगठ्ठा कोट्यवधी बल्ब विकत घेतले आणि काही वर्षांत ९ वॅटचा बल्ब ७० रुपयांना घरोघर पोचला. सरकारी योजनांवर लोक नेहमी ओरडतात, मीही ओरडते, पण ही योजना मला मनापासून आवडते कारण तिचा फायदा भाड्याच्या एका खोलीत राहणाऱ्यालाही त्याच महिन्यात बिलात दिसला.

प्रश्न : मग घरातले सगळे साधे बल्ब एकदम फेकून द्यायचे का? (सिन्नर आणि आणखी तिघी)

उत्तर : नाही हो. कुठला बल्ब किती तास जळतो ते आधी बघा. माळ्यावरचा किंवा अडगळीच्या खोलीतला ६० चा बल्ब दिवसातून पाच मिनिटं लागत असेल तर महिन्याला त्याचे सव्वा रुपयाच्या आसपास होतात, तो जाईपर्यंत राहू दे तिथेच. आधी जास्त तास जळणारे काढा : स्वयंपाकघर, बाहेरची खोली, अंगणातला रात्रभरचा दिवा.

आणि एक बल्ब कुणाच्याच लक्षात येत नाही तो म्हणजे देवघरातला झिरोचा लाल बल्ब. जुन्या पद्धतीचा झिरोचा बल्ब १२ ते १५ वॅट खातो. तो देवापुढे चोवीस तास चालू असेल तर १५ वॅटनं महिन्याला १०.८ युनिट होतात, म्हणजे बाहेरच्या खोलीत संध्याकाळी पाच तास जळणाऱ्या ६० च्या बल्बपेक्षाही जास्त! वर्षाला हजार रुपये नुसते त्याचे. अर्ध्या वॅटचा एलईडी झिरो मिळतो, लालही मिळतो, त्याला महिन्याला तीन रुपयेसुद्धा लागत नाहीत. मी कुणाचंही बिल बघायला घेतलं की आधी देवघर आणि जिन्यातला बल्ब विचारते.

प्रश्न : मॅडम, आम्ही दिवाळीत घरभर एलईडी लावले तरी बिल जवळपास तेवढंच येतंय. जाहिरातीत सांगतात तेवढी बचत कुठे जाते? (नागपूर)

उत्तर : तुमच्या पत्रात तुम्हीच लिहिलंय की आधी सगळीकडे सीएफएल होते. इथेच उत्तर आहे. १४ वॅटचा सीएफएल काढून ९ वॅटचा एलईडी लावला तर रोज ५ तासांना महिन्याला पाऊण युनिट वाचतं, म्हणजे सहा रुपये. आठ ठिकाणी बदलले तरी पन्नास रुपयांच्या आत. मोठी बचत साध्या बल्बवरून एलईडीवर येताना होते, ती तुमच्या घरात सीएफएल आले तेव्हाच होऊन गेलेली आहे. जुनी जाड ट्यूब आणि तांब्याचा चोक असेल तर मात्र अजून वाव आहे, ४० ची ट्यूब चोकसकट ५० ते ५५ वॅट घेते आणि २० वॅटची एलईडी पट्टी तिचं काम करते.

दुसरं म्हणजे नागपूरच्या घरात वीज बल्ब खातच नाहीत, पंखे आणि कूलर खातात. जुना पंखा ७५ वॅटचा, दिवसाला १५ तास चालला तर एकटा महिन्याला ३४ युनिट. म्हणजे घरातले सगळे एलईडी मिळून जेवढं खात नाहीत तेवढं एक पंखा खातो. बीएलडीसी पंखा (कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा) ३० वॅटच्या आसपास चालतो, महाग आहे, पण जो पंखा सर्वात जास्त फिरतो तो एक बदलून बघा. गीझर २००० वॅटचा, अर्धा तास चालू राहिला की एक युनिट गेलं, आणि एका युनिटमध्ये ९ वॅटचा एलईडी शंभर तासांच्या वर जळतो. सेट टॉप बॉक्स टीव्ही बंद करूनही चालूच असतो, त्याचं बटण भिंतीवर बंद करायची सवय लावा.

तिसरी गोष्ट बिलातली. स्थिर आकार तुम्ही एकही दिवा लावला नाहीत तरी द्यावाच लागतो, तो बल्ब बदलून हलत नाही. आणि बऱ्याच जणांना वाटतं की १०० युनिटच्या वर गेलो की सगळ्या युनिटला वरचा दर लागतो, तसं नसतं, महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या १०० ला पहिलाच दर राहतो, वरच्या युनिटला वरचा. पण त्यामुळेच वाचलेलं युनिट हे नेहमी तुमचं सर्वात महाग युनिट असतं, १२० वरून ९० वर आलात तर वरची २० महागातली गेली, म्हणून १०० च्या वर जाणाऱ्या घरांनी बल्बकडे जरूर बघावं.

प्रश्न : माझ्या लहानपणी बल्ब वर्षानुवर्षं टिकायचे. आता एलईडी वर्षात जातात, खोक्यावर मात्र २५,००० तास लिहिलेलं. ही फसवणूक नाही का? (दापोली)

उत्तर : काका, दोन वेगळ्या गोष्टी आहेत, जरा सविस्तर सांगते.

जुने बल्ब टिकायचे त्याचं एक मोठं कारण म्हणजे गावात व्होल्टेज कमी यायचं. साध्या बल्बला व्होल्टेज पाच टक्के कमी मिळालं तरी त्याचं आयुष्य जवळजवळ दुप्पट होतं, पण उजेड सोळाएक टक्क्यांनी पडतो. संध्याकाळी सगळ्या गावाचे दिवे लागले की बल्बची तार नुसती लालसर दिसायची, पुस्तक धरलं तर अक्षर लागायचं नाही, तो बल्ब वर्षानुवर्षं टिकणारच. आणि आठवून बघा, बल्ब गेला की नेहमी बटण दाबतानाच जायचा, कारण थंड तारेचा विरोध तापलेल्या तारेच्या दहाव्या-पंधराव्या हिश्शाएवढाच असतो, बटण दाबताच क्षणभर कितीतरी पट करंट घुसतो आणि झिजलेली तार तिथेच तुटते.

एलईडीची चिप मात्र सहसा जात नाही, जातो तो तिच्यामागचा ड्रायव्हर, म्हणजे बल्बच्या पांढऱ्या गळ्यात बसवलेलं छोटं सर्किट. त्याला कमी व्होल्टेज चालतं, चांगला एलईडी दीडशे व्होल्टलाही नीट उजेड देतो, त्याला दोन गोष्टी सोसत नाहीत, वरून येणारा झटका आणि गरमी. लाईट जाऊन परत येताना जो झटका बसतो त्यात ड्रायव्हर जातो, कोकणात पावसाळ्यात हे रोजचंच, विजा चमकताना तर विचारू नका. आणि गरमीचं म्हणाल तर तुम्ही लिहिलंय की पडवीतला बल्ब सतत जातो, तो काचेच्या बंद हंडीत आहे का बघा. साधा बल्ब हंडीत तापला तरी त्याला काही फरक पडत नव्हता, त्याचं कामच तापायचं. एलईडी तसा कोंडला की त्याची उष्णता बाहेर पडत नाही, ड्रायव्हरमधला कपॅसिटर सुकतो आणि बल्ब लुकलुकायला लागतो आणि जातो. हंडीची वरची बाजू उघडी ठेवा किंवा तिच्यात ९ च्या ऐवजी ५ वॅटचा लावा.

२५,००० तास हा आकडा चांगल्या परिस्थितीतला असतो, त्यावर हिशेब करू नका. हिशेब वॉरंटीवर करा. दोन वर्षांची वॉरंटी देणारा घ्या, खोक्यावर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह आणि त्याखाली आर अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा, बीईईचे (वीजबचतीचे) स्टार बघा, पक्कं बिल घ्या आणि बल्बच्या गळ्यावर मार्करनं लावल्याची तारीख लिहून ठेवा. वर्षात गेला तर दुकानात परत न्यायचा, लाजायचं नाही. रस्त्यावर तीस-चाळीस रुपयांना खोक्याशिवाय मिळतात ते घेऊ नका, पैसे वाया जातात.

प्रश्न : मी साड्यांना फॉल-पिको करते. एलईडी लावल्यापासून रात्री धाग्याचा रंग जुळतो असं वाटतं आणि सकाळी बघितलं तर वेगळाच! आधीच्या पिवळ्या बल्बला असं व्हायचं नाही. (येवला)

उत्तर : तुमची नजर बरोबर आहे ताई, बल्ब कमी पडतोय. रंग किती खरे दिसतात त्याचं माप असतं, त्याला सीआरआय म्हणतात. साध्या बल्बचा जवळजवळ १००, नेहमीच्या एलईडीचा ८० च्या आसपास. ८० ला स्वयंपाक, अभ्यास, टीव्ही सगळं ठीक चालतं पण गडद लाल, राणी, मरून असे रंग मेलेले दिसतात, आणि पैठणीच्या गावात तेच रंग जास्त. पिवळ्या बल्बची पण एक खोड होती, त्यात निळा उजेड फार कमी असल्यामुळे नेव्ही ब्लू आणि काळा सारखेच दिसायचे, हे तुम्हालाही आठवत असेल. मशीनवर लावायला ९० च्या वर सीआरआय असलेला, ४००० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेड पिवळा की निळसर याचं माप) बल्ब मागा. प्रत्येक दुकानात मिळणार नाही, थोडा महाग पडेल, पण तुमचं पोट रंगावर आहे तेव्हा या एका बल्बला पैसे घालाच. बाकी घरात साधा एलईडी चालेल.

केल्विनचं सगळ्यांसाठीच सांगते कारण बरेच जण "एलईडीचा उजेड डोळ्याला टोचतो" असं लिहितात. आपल्याकडे दुकानदार न विचारता ६५०० केल्विनचा म्हणजे निळसर पांढरा बल्ब हातात देतो. साध्या बल्बसारखा पिवळा उबदार उजेड हवा असेल तर २७०० किंवा ३००० म्हणून मागा, वॅट तेवढेच लागतात, किंमतही साधारण तीच. झोपायच्या खोलीत तोच लावा, निळसर उजेडानं झोप लांबते. पावसाळ्यात दिव्याभोवती पाकोळ्या आणि किडे गोळा होतात तेही पिवळ्या एलईडीला कमी येतात. आणि उजेड वॅटवर मोजायचं आता सोडा, खोक्यावर ल्यूमेन लिहिलेले असतात ते बघा, ६० च्या बल्बच्या जागी ८०० च्या आसपास पाहिजेत. काही ९ वॅटवाले ९०० च्या वर देतात, काही ७०० वर थांबतात, पैसे तेवढेच.

प्रश्न : बटण बंद केलं तरी एलईडी मंद जळत राहतो. बल्ब खराब आहे का? (पनवेल)

उत्तर : बहुतेक वेळा बल्ब चांगला असतो. बटणावर छोटा लाल इंडिकेटर असेल तर त्यातून जाणारा चिमूटभर करंट एलईडीला पुरतो, साध्या बल्बला तो दिसायचाही नाही. इंडिकेटर नसेल तर मात्र लगेच वायरमनला बोलवा, कारण बटण फेजच्या ऐवजी न्यूट्रलवर जोडलेलं असू शकतं, म्हणजे बटण बंद असतानाही होल्डरमध्ये करंट आहे आणि बल्ब बदलताना शॉक बसू शकतो. तोपर्यंत मेन बंद केल्याशिवाय त्या होल्डरला हात लावू नका.

प्रश्न : कोंबडीची शंभर पिल्लं आणलीत. ब्रूडरला (पिल्लांना ऊब देतो ती जागा) १०० चे बल्ब लावलेत, मुलगा म्हणतो एलईडी लावा, वीज वाचेल. (संगमनेर)

उत्तर : इथे मात्र एलईडी अजिबात नको, पिल्लं गारठून मरतील. ब्रूडरमध्ये तुम्हाला उजेड नकोय, ऊब हवीय, आणि साध्या बल्बचा जो दोष वर सांगितला तोच इथे उपयोगाचा. पिल्लामागे साधारण २ वॅट धरतात, शंभराला १०० चे दोन बल्ब झाले. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीवर ३३ ते ३५ अंश पाहिजे, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जा, म्हणजे बल्ब थोडा थोडा वर उचलायचा. थर्मामीटर असला तरी पिल्लांकडे बघा : बल्बखाली एकमेकांवर चढून गोळा झाली तर थंडी वाजतेय, चिक गार्डच्या (पिल्लांभोवतीच्या गोल कुंपणाच्या) कडेला पळून चोची उघड्या टाकून बसली तर गरम होतंय, सगळीकडे पसरून खात-पीत असली की बरोबर आहे. बल्ब वायरीवर लोंबकळत ठेवू नका, साखळीनं टांगा, खाली भाताचं तूस असतं आणि १०० च्या बल्बची काच शंभर अंशांच्या कितीतरी वर तापते, पडला तर आग लागायला वेळ लागत नाही. रात्रीच्या लोडशेडिंगची सोय आधीच करून ठेवा. पिल्लं मोठी होऊन ऊब लागेनाशी झाली की मग शेडमध्ये उजेडासाठी खुशाल एलईडी लावा, मुलाचं तिथे बरोबर आहे.

हेच उलट आकाशकंदिलाला. कागदी कंदिलात ६० चा बल्ब घालू नका, आतून कागद तपकिरी होतो आणि वाऱ्यानं बल्बला टेकला तर पेटतोही. ५ वॅटचा पिवळा एलईडी घाला, रात्रभर राहू दे.

प्रश्न : माझं मिक्सर-मोटर दुरुस्तीचं दुकान आहे. सिरीज बोर्डला २०० चा बल्ब लागतो, तो आता मिळेनासा झालाय. एलईडी चालेल का? (बार्शी)

उत्तर : चालणार नाही. सिरीजमध्ये बल्ब करंट अडवायला असतो, मिक्सर आतून शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण जळतो आणि फ्यूज वाचतो. एलईडीचं सर्किट असं साधं रोधासारखं वागत नाही, तुम्हाला खोटंच काहीतरी दाखवेल. १०० चे दोन बल्ब एकमेकांना पॅरलल जोडून सिरीजला टाका, २०० चं काम होतं. आणि मिळतायत तोवर चार बल्ब घेऊन ठेवा.

प्रश्न : जुना सीएफएल हातातून पडून फुटला, घरात लहान बाळ आहे. आत पारा असतो म्हणतात, फार घाबरलोय. (कोल्हापूर)

उत्तर : घाबरू नका, पण झाडू मारू नका. सीएफएलमध्ये तीन ते पाच मिलिग्रॅम पारा असतो, जुन्या तापाच्या थर्मामीटरमध्ये त्याच्या शंभरपट तरी असायचा. बाळाला दुसऱ्या खोलीत न्या, पंखा बंद करा, खिडक्या उघडून पंधरा मिनिटं खोली मोकळी ठेवा. मग जाड पुठ्ठ्यानं काचा गोळा करा, बारीक चुरा चिकटपट्टीनं टिपा, शेवटी ओल्या कागदानं फरशी पुसा. झाडूनं किंवा व्हॅक्यूमनं तो चुरा हवेत उडतो, म्हणून तेवढं टाळायचं. पुठ्ठा, पट्टी, कागद सगळं झाकणाच्या बरणीत भरून बाहेर ठेवा. फरशीऐवजी गोधडीवर किंवा बाळाच्या दुपट्यावर पडला असेल तर ते कापड टाकून द्या, धुऊन वापरू नका.

न फुटलेले जुने सीएफएल आणि ट्यूबसुद्धा ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकायचे नसतात, घनकचरा नियमांप्रमाणे तो वेगळा द्यायचा कचरा आहे. वर्तमानपत्रात गुंडाळून वेगळे ठेवा, घंटागाडीत देताना वेगळे द्या आणि तोंडानं सांगा की यात पारा आहे, त्या माणसांना उघड्या हातांनी कचरा निवडावा लागतो. गेलेले एलईडी ई-कचऱ्यात, त्यात पारा नसतो.

पुढच्या अंकात पंखे घेऊया, त्याचे प्रश्न आताच यायला लागलेत. लिहिताना पंखा किती जुना आहे आणि रोज किती तास फिरतो ते लिहा, नुसतं "बिल जास्त येतं" एवढ्यावर मला नीट सांगता येत नाही.